श्वासाचा भाता

बायको छातीत कफ भरून माझ्या डोळ्यांदेखत गुदमरून गेली. मी अहेरीचा लोहार. जन्मभर भाता ओढला, पण तिला एक श्वास देता आला नाही. त्या दिवसापासून देवाचं नाव टाकलं. मार्कंड्याच्या महादेवाला जाणं बंद केलं. कोणी विचारलं तर तोंडावर सांगे, बहिरा देव मले नाई पाहिजे.

तिसऱ्या वर्षी नऊ वर्षांची नात तापली. पाय लुळे पडले, मग हात. तिची माय बाळंतीण, म्हणून मीच तिला चांद्यावरून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं पोचेपर्यंत तिचा श्वासही अडू लागला होता. डॉक्टर म्हणाले, पोलिओ; अन् तिला एका लोखंडी पिंपात ठेवलं, डोकं तेवढं बाहेर. पिंपाखाली चामड्याचा भाता, विजेवर चालणारा. तो मागं गेला की पोरीची छाती फुगे, पुढं आला की बसे. मी वाकून वाकून पाहिलं. कोणी तिच्या तोंडात फुंकत नव्हतं, तरी हवा आपसूक आत जाई. ज्यानं हे घडवलं, त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं!

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. सिस्टरबाईंनी धावत येऊन भात्याचा दांडा धरला. म्हटलं, "सरका बाई, हे माझं काम." अन् भट्टीवर ओढतो तसा ओढू लागलो.

"बाबा, हळू! माणूस आहे आत."

नात श्वास बाहेर पडतानाच बोलू शके, तुटक तुटक. म्हणाली, "आबा... मी का... फाळ हाओ?"

बाई म्हणाल्या, मनात आकडे मोजा. मले आकडे येत नाई म्हटलं, तर म्हणाल्या, मग देवाचं नाव घ्या, पण सावकाश. ओढताना 'महा', सोडताना 'देव'. भक्ती कुठली, ते नुसतं माप होतं.

दोनेक तास गेले. खांदे भरून आले. वॉर्डबॉय आला, त्याला मी हाकलला. मग शेजारच्या खाटेवरच्या आजाऱ्याची बायको उठून आली. आमच्याच जंगलाकडची, गोंड बाई.

"भाऊ, सोडा आता. मी धान कांडते, मले ठोका समजते."

"लेकराचा जीव हाय, बाई."

"म्हणून तं म्हणते. तुमचा ठोका चुकून राह्यला."

खरं होतं ते. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, चार श्वास माझ्याबरोबर ओढले, अन् मी हात काढून घेतला. जन्मात इतकं जड काही उचललं नव्हतं. डोळे मिटून उभा राहिलो. भात्याचा आवाज थांबला नाही. अन् माझ्या तोंडातलं नावही थांबलं नाही. आता तर ते कशाचं मापही नव्हतं.

सांजेला वीज आली. बाई आपल्या माणसाकडे निघून गेली, नाव विचारायचं राहिलं. महिन्याभरानं नात पिंपाबाहेर आली, एक पाय अधू, पण जिवंत.

बायको का गेली, ते मला अजून कळलं नाही. देवाशी ते भांडण आहेच. पण आता बोलून भांडतो. मी ओढत होतो तोवर वाटे, पोरगी माझ्या हातावर जगते. हात सोडला, तरी ती श्वास घेतच होती.