वरातीत गेलेलं गाणं

आमच्या घरात गाणारा एकटा दादा, माझा मोठा भाऊ. दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता आणि गाडी चालवता चालवताच गाणी जुळवायचा. जयंतीच्या दिवसांत त्याची गायन पार्टी नेवाशापासून पार तिसगावपर्यंत फिरायची. मी मागे कोरसला बसायचे. पार्टीत एक म्हातारे गायक होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दादाला पेटी त्यांनीच शिकवली. वडिलांना मात्र सुरातलं काही कळत नव्हतं. कार्यक्रमाला ते येऊन बसायचे आणि कडव्याच्या मध्येच टाळ्या वाजवायचे.

वडील गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात झाडलोटीला होते. एका उन्हाळ्यात लग्नं लागून लागून तिथल्या संडासाची टाकी भरून वर आली. दुसऱ्या दिवशी मोठं लग्न होतं आणि उपसणारी गाडी मिळत नव्हती. मालकानं वडिलांच्या कमरेला दोर बांधायला लावला आणि त्यांना आत उतरवलं. ते आत पडले ते बोललेच नाहीत. बाहेर काढले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. पोलिसांत केस झाली तेव्हा मालकानं जबाब दिला, की माणूस आपणहून उतरला, मी तिथं नव्हतोच. दोर धरणारे दोघं त्याच्याच मळ्यावरचे. त्यांनीही तेच सांगितलं. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं.

दादा रडला नाही. आई रडायची, मी रडायचे, तो टेम्पो घेऊन जायचा आणि परत यायचा. मग पावसाळ्यात एका दुपारी त्यानं मला पेटीपाशी बोलावलं आणि गाणं म्हणून दाखवलं.

*बापाला माझ्या उतरवलं दोरानं,*
*त्याच दोरानं उतरवीन तुला.*
*झाकण लावून वरती बसंन,*
*हलगीच्या ठेक्यात विसरीन तुला.*

पुढं आणखी कडवी होती. त्यांत मालकाचं नाव नव्हतं, पण गावात ऐकणाऱ्या कुणालाही माणूस कळला असता. आई चुलीपाशी होती, तिनंही ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "पुन्यांदा म्हन." दादानं पुन्हा म्हटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली, कितीतरी दिवसांनी.

मामांना मात्र गाणं पटलं नाही. घरी आले, ओट्यावर बसले, आणि दादाला पुष्कळ वेळ समजावत राहिले. आपल्या गाण्यानं माणसं शाळेत गेली, दारू सोडली, ताठ उभी राहिली, असं ते सांगत होते. खुनाचं गाणं आपल्या पार्टीतून निघालं, तर उद्या एखाद्या पोराच्या हातात कोयता येईल आणि तुरुंगात आपलीच पोरं जातील. राग आहे तर अर्ज कर, मोर्चा काढ, गाण्यात आणू नकोस. दादा खाली बघून ऐकत होता. शेवटी म्हणाला,

"मामा, मला त्याला मारायचंय. खरंच मारायचंय. ते जमत न्हाई म्हनून गातोय. गानंबी न्हाई म्हटलं, तर मग मी काय करू?"

मामा ओट्यावरून उठले आणि चालू लागले. पुढच्या कार्यक्रमाला आले नाहीत.

दादानं ते गाणं विहारासमोरच्या मांडवात म्हटलं. मी कोरस धरला, पण "उतरवीन तुला" म्हणताना माझा आवाज फुटेना. गाणं संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. बायका पदराआड तोंड करून बसल्या होत्या. कार्यक्रमात इतकी शांतता मी आधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. त्या क्षणी मला वाटलं, मामांचं चुकलं. हे म्हणायलाच पाहिजे होतं.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. चार दिवसांत मालकापर्यंत पोचलं. पोलिसांनी दादाला बोलावून दिवसभर बाकावर बसवलं, आणि जाहीर कार्यक्रमात हे गाणं म्हणणार नाही असं लिहून घेऊन सोडलं. दादानं सही केली. पण गाणं तोवर गावाच्या हातात राहिलं नव्हतं.

मग नगरला तरुणांच्या एका मेळाव्यात त्याला बोलावलं. कलाकारानं मनातली हिंसा मोकळेपणानं मांडावी की नाही, यावर तिथं चर्चा होती. एक वक्ते म्हणाले, कलाकारावर बंधन नको. दुसरे म्हणाले, स्वातंत्र्यासोबत जबाबदारी येते. दोघंही चांगलं बोलले. दादाला शाल दिली. टाकीचं पुढं काय झालं, केस कुठवर आली, हे कुणी विचारलं नाही. परतताना बसमध्ये त्यानं शाल पिशवीत कोंबली आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

त्यानंतर गाण्याला डीजेवाल्यांनी हात लावला. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाप काढला, दोर काढला, झाकण काढलं. राहिलं ते फक्त "उतरवीन तुला, उतरवीन तुला", मागे भोंगा आणि छाती हलवणारा ठोका. पोरं ते स्टेटसला ठेवायला लागली. हातात तलवार घेऊन केक कापताना तेच वाजायचं. शेजारच्या गावात आमच्याच समाजाच्या एका पोराला गल्लीत गाठून बेदम मारलं, तेव्हा मारणाऱ्यांच्या गाडीत हेच गाणं लावलेलं होतं. हे ऐकून दादा दोन दिवस टेम्पोवर गेला नाही.

एकदा घोडेगावच्या बाजारातून शेळी बघून मी आणि दादा मोटरसायकलवर परत येत होतो. मंगल कार्यालयासमोर वरात आडवी आली. गाड्या दोन्हीकडं तुंबल्या. डीजेचा टेम्पो आमच्या अगदी पुढ्यात होता आणि त्यावर तेच गाणं लागलं. फेटे बांधलेली माणसं हात वर करून खाली आणत होती, कुणालातरी जमिनीत दाबावं तशी. लहान मुलंही तसंच करत होती. ज्या टाकीत आमचे वडील गेले ती त्या भिंतीपलीकडं होती, फार तर दोन खणांच्या अंतरावर.

मालक दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभा होता. त्यानं आम्हांला पाहिलं. मला वाटलं, तोंड फिरवील. तो गर्दीतून वाट काढत आमच्याकडं आला. दादानं गाडीचं हँडल घट्ट धरलं. मालक त्याच्या कानाशी वाकला, कारण आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

"तुझंच ना रं हे? लई भारी वाजतं. पब्लिक हितनं हलतच न्हाई."

आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून परत गेला. चिडवत होता का, ते मी आजही सांगू शकत नाही. मला वाटतं, चिडवत नव्हता. त्याला खरंच आवडलं होतं.

वरात आत गेली, रस्ता मोकळा झाला, आम्ही घरी आलो. त्यानंतर दादानं एकही गाणं केलं नाही. पार्टी मोडली. पेटी पलंगाखाली आहे, मुलं कधी कधी ओढून काढतात आणि तो परत आत सरकवतो.

मामा शेवटच्या आजारपणात असताना आम्ही भेटायला गेलो होतो. ते दादाचा हात धरून म्हणाले, "मला भ्या वाटत हुतं, तुझ्या गान्यानं कुनाचा तरी जीव जाईल. त्या मालकाच्या केसालाबी धक्का लागला न्हाई रं." मग त्यांना खोकला आला आणि सुनेनं आम्हांला उठायला सांगितलं.

लोक मला अजून विचारतात, दादानं ते गाणं म्हणायला हवं होतं का. तो गप्प राहिला असता तर आतून सडला असता, हे मला माहीत आहे. म्हटलं, तर ते असं झालं. केस चालू आहे म्हणतात. दोर धरणाऱ्यांपैकी एक आता वडिलांच्या जागी कामाला आहे.

मागच्या आठवड्यात आई भाकरी थापता थापता काहीतरी गुणगुणत होती. मी कान दिला. दादाची चाल नव्हती ती. डीजेची होती, भोंग्याच्या जागी थांबून पुढं जाणारी. तिचं तिकडं लक्षही नव्हतं. दादा समोरच जेवत होता. त्यानं अजून एक भाकरी मागितली.