टीव्हीतला माणूस आणि यांचा उजवा हात

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "स्ट्रोक आहे." स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबणं. माझ्या यजमानांचा उजवा हात लुळा पडला होता. बेचाळिसाव्या वर्षी. ते सौंसरच्या शाळेत गणित शिकवायचे.

अठरा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा. मी दोन वेळा तेल चोळायची. तेवढंच पुरे, असं मला वाटलं.

माझा भाऊ दिलीप तेव्हा मस्कतहून आला होता. त्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. काळ्या डबीवर उभा दांडा, त्याला जॉयस्टिक म्हणतात. दांडा वळवू तिकडे पडद्यावरचा ठिपक्यांचा माणूस चालायचा. हे डाव्या हाताने उजवी मूठ दांड्यावर बसवायचे. माणूस खड्ड्यात पडायचा, हे पुन्हा सुरू करायचे. पंधराएक दिवसांनी मला हाक मारून म्हणाले, "पाह्य, मीच चालवून राहिलो त्याले."

मग शाळेतले दोन शिक्षक भेटायला आले. सर लेकरांचे खेळ खेळतात म्हणून हसले. चेष्टाच होती, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गेल्यावर मी डबी काढून कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

चार महिन्यांनी फिजिओथेरपीसाठी, म्हणजे व्यायामाच्या उपचारांसाठी, नागपूरला गेलो. बोटं आत वळून घट्ट झाली होती. स्नायू असे आखडण्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. घरी काय केलं, असं डॉक्टरांनी विचारलं. बोलता बोलता मी खेळाचंही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवला. "तोच तर व्यायाम होता. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. बंद का केला?"

मी उत्तर द्यायच्या आतच हे म्हणाले, "मलेच कंटाळा आला, डॉक्टर."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "खोटं काऊन बोलले?"

"डॉक्टर तुले बोलले असते तं हात वापस आला असता काय?"

दुसऱ्या दिवशीपासून खेळ पुन्हा सुरू केला. वर्षभरात अंगठा आणि दोन बोटं थोडी सुटली. कप धरता येतो, खडू नाही. फळ्यावर ते आता डाव्या हाताने लिहितात. आधीच चालू ठेवलं असतं तर हात पूर्ण सुधारला असता का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्या हातातलं काही काढून घेण्याआधी त्याला विचारा. मी विचारलं नाही. त्याबद्दल यांची माफीही कधी मागितली नाही. हे लिहून झालं की आधी त्यांनाच वाचायला देणार आहे.