डी. बी. मॅडमचा तिसरा नकार

आधी नावावर काय हसायचं ते हसून घ्या. दगडाबाई. वरच्या दोघी जगल्या नाहीत, म्हणून तिसरीला दगडाचं नाव दिलं, की मरणाने तिच्याकडे फिरकू नये. पाथर्डीकडची ऊसतोड करणाऱ्यांची पोर. आईबाप सहा महिने फडावर, ही मामाकडे. शिकली, नेट काढली, पीएचडी केली आणि राहाता तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता छप्पन्न वर्षांची झाली. तिथे दगडाबाई म्हणायची कुणाची छाती नाही. बापाचं नाव भिमाजी, म्हणून सगळ्यांच्या डी. बी. मॅडम.

आता कॉलेजातली एक रीत. प्राचार्य निवृत्त झाले आणि नवी नेमणूक रखडली, की चार्ज सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापकाकडे जातो. त्याला नको असेल तर त्याने लेखी नकार द्यायचा, मग खालच्याची पाळी. डी. बी. मॅडमनी असा नकार दोनदा दिला होता. पहिल्यांदा मुलाची बारावी होती. दुसऱ्यांदा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन्ही वेळा सगळे म्हणाले, वा, मॅडम म्हणजे घर सांभाळून नोकरी करणारी बाई! कौतुकाला काय, ते फुकटच मिळतं.

यंदा पुन्हा तीच वेळ आली. शनिवारी प्राचार्यांचा निरोपसमारंभ. शुक्रवारी दुपारी कल्याणसर स्टाफरूममध्ये आले. ज्येष्ठतेत मॅडमच्या खालोखाल तेच. हातात कागद.

"मॅडम, टाइप करूनच आणलंय. तुम्हाला कशाला त्रास? खाली फक्त सही."

मॅडमनी वाचलं. कौटुंबिक अडचणीमुळे मी हा कार्यभार स्वीकारू शकत नाही.

"कोणती अडचण हो, सर?"

कल्याणसर गडबडले. माणूस वाईट नाही, पण ह्या प्रश्नाची तयारी करून आला नव्हता. "म्हणजे... असतेच की काही ना काही. बायामाणसांना."

"उद्या देते," म्हणून त्यांनी कागद पर्समध्ये टाकला.

घरी आल्या आणि चक्क अडचण शोधायला लागल्या. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचं सगळं झकास. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. नवरा वैजनाथराव, शाळेतून निवृत्त, टीव्हीसमोर बसून मेथी निवडत होते.

"अहो, आपल्याकडे काही अडचण आहे का?"

"गॅस संपत आलाय."

"तशी नव्हे हो. मोठी."

वैजनाथरावांनी मान वर केली. "तुला पाहिजेय का अडचण?"

"काहीतरीच काय बोलता!" म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. तिथून गॅलरीत, तिथून पुन्हा आत. पायाला नुसती भिंगरी. कारण नवऱ्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. त्यांना ती खुर्ची हवी होती. पहिला नकार लिहिला त्या दिवसापासून हवी होती, आणि इतकी हवी होती की त्याची त्यांनाच लाज वाटायची.

आणि भीती तर विचारू नका. कल्याणसर चुकले तर कल्याणसर चुकले. ही चुकली तर समस्त बाया चुकणार, पाथर्डी चुकणार, ऊसतोडीच्या पोरी चुकणार. एवढ्या सगळ्यांना घेऊन एका खुर्चीत बसायचं, हे काय खायचं काम आहे? अडचण असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना खरोखर वाटलं.

शनिवारी भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, मंडळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जमली. मॅडमचं अजून काही ठरलं नव्हतं. कागद पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि दोन्ही हात पर्सवर.

"मॅडमचा नकार आलाच असेल," प्राचार्य सहज म्हणाले. "या कल्याणसर, चार्जवर सही करा."

कल्याणसर उठलेसुद्धा, पेन उघडून.

"नकार नाही आला," डी. बी. मॅडम म्हणाल्या. आवाज जरा चिरकाच निघाला.

"हो का?" प्राचार्य चकित. "मग मॅडम, घरचं कसं करणार?"

"सर, तुम्हाला कधी विचारलं होतं का हो हे कुणी?"

प्राचार्यांनी चार्जचा कागद मॅडमकडे सरकवला. कल्याणसरांचा चेहरा पार उतरला. तरी त्यांनी हातातलं उघडं पेन मॅडमपुढे केलं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. मॅडमनी सही केली. इतकी वेडीवाकडी, की त्यांची त्यांनाच ओळखू येईना.

सगळे गेल्यावर त्या एकट्याच खुर्चीत बसल्या, टोकावर, पाहुण्यासारख्या. मग आईला फोन लावला. गोजरबाई आता ऐंशीला टेकलेली.

"आई, मी कॉलेजची प्राचार्य झाले गं. प्रभारी."

"म्हंजी?"

"म्हंजी समद्यांच्या वर. टोळीला मुकादम असतोय ना, तसं."

म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली, "बाई मुकादम? उभ्या जल्मात म्या न्हाई गं पाह्यली."

"म्या बी न्हाई पाह्यली, आई," दगडाबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत मागे सरकून बसल्या.