आक्काने चुकवलेली हळद

आमची आक्का वळगावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी धवले गाऊन लावून देणारी बाई. माझी सख्खी आत्या हाय म्हणून सांगत न्हाय, तिच्यासारखा गळा दुसरा न्हायच.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत तिच्या छातीतली गाठ काढली. मुंबईच्या डॉक्टरीणबाई बोलल्या, आता सहा केमो, दर एकवीस दिवसांनी. आक्काचं तोंड उतरलं. समोर लग्नसराई, आणि एकोणीस हळदींना शब्द दिलेला.

"गाठ तर काढलीस ना बाय? मंग औषध कोनाला देतेस?"

बाईंनी कागदावर रक्ताची नळी काढली. "गाठीतल्या काही पेशी आधीच रक्तात गेल्या असतील. बऱ्याच वाटेत मरतात. एखादी नळीला आतून चिकटते, भिंतीतल्या जोडात शिरते, बाहेर पडते. फुफ्फुसात, नाहीतर हाडात. जगली तर तिथं नवी गाठ."

आक्का कागदाकडं बघत राहिली. "हळदीला फुकटे असंच करतात. गेटवर यजमान उभा, तर हे दोन कनातींच्या जोडातनं घुसतात. एकदा पंगतीला बसला का उठवता येत न्हाय. त्याला आधीच धरावा लागतो."

"हे औषध तेवढ्यासाठीच," बाई हसल्या.

"मंग लाव सुई."

तीन केमोत केस गेले, तोंड आलं, पाणीपण कडू लागायचं. चौथी नेमकी केसरीनाथच्या पोरीच्या, पूर्वीच्या, हळदीदिवशी आली. केसरीनाथ तिचा चुलतभाऊ, राहनाळला त्याची गोडाऊनं. घरी येऊन बोलला, "आठ दिवस पुढं ढकल. डोक्यावर पदर घे, कोनाला कळत न्हाय."

"सुई ढकलनार न्हाय."

"भावाच्या पोरीपेक्षा सुई मोठी?"

"तुझी हळद दापोड्याची बाई लावील. माझं हे काम दुसरी कोन करील?"

"मंग यापुढं माझ्या मांडवात पाय टाकू नको."

"बरं," आक्का बोलली आणि हॉस्पिटलची फाईल पिशवीत घातली. बाकीच्या तिन्ही केमोंना मीच तिला नेलं.

दोन हजार आठला पाच वर्षांची तपासणी झाली. फुफ्फुसं साफ, हाडं साफ. गावात कळलं तसा केसरीनाथ दारात हजर. भाविकचं, त्याच्या पोराचं, लग्न ठरलं होतं.

"तारीख कंची?" आक्कानं विचारलं.

"तुला जमंल ती."

त्या हळदीला बेंजोवाले कान फोडत होते. मी जाऊन त्यांना बोललो, "बंद करा. आता आक्का गानार."