दाजीबा पाटलांचा ताठ फोटो

मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९३९. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, ऊन लख्ख. हवामान एवढं बारकाईनं का सांगतोय? कारण त्या दिवशी माझ्या हातून जे झालं, त्याचं खापर ढगांवर फोडायची सोय नाही!

मी शिरड शहापूरच्या शाळेत मास्तर. हैदराबादच्या मेहुण्यानं मला त्याचा जुना डबा कॅमेरा दिला. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या नखाएवढ्या काचेत बघायचं. सोबतची पुस्तिका मी महिनाभर घोकली. माणूस मधोमध नको. त्याच्या डोक्यातून झाड उगवल्यासारखं दिसायला नको. खालून घेतला की माणूस भारदस्त, वरून घेतला की केविलवाणा. फिल्म एकच, आठ फोटोंची, म्हणून रिकाम्या डब्यानंच परसातल्या कळशीवर सराव चालू. वरून कळशी, खालून कळशी, पालथं पडून कळशी!

"कळशीचं लगीन जमवून राहिले का?" बायकोनं विचारलं.

तेवढ्यात दाजीबा पाटलांचं बोलावणं आलं. पावसाळाभर ते तापानं अंथरुणावर होते. आता खडखडीत बरे. पण वाशीमकडं दिलेली त्यांची लेक सखू कुणाचं ऐकेना. दिवस भरत आलेले, बाळंतपण सासरी ठरलेलं, आणि बाईचा हट्ट काय? बैलगाडीत बसून बापाला बघायला येते!

"मास्तर, मी ताठ हुबा हाय एवढं तिला दिसलं पायजे," पाटील म्हणाले. "न्हाई तर निंगलीच म्हना. गाडीच्या धक्क्यानं लेकराला कमीजास्त झालं तर?"

"पाटील, असा काढतो की सखूबाई जागची हलायची नाही!"

बोललो खरा.

पाटलांना अंगणात उभं केलं. लिंबाचं झाड कडेला, मारुतीच्या देवळाचा कळस मागं. मान खाली घातली, काचेत बघितलं, खटका दाबला.

"असू द्या मास्तर, असू द्या," पाटलांचा आवाज आला.

बिचाऱ्यांना माझी तकलीफ बघवत नाही, असं मला वाटलं. काचेत ऊन असं चमकत होतं की पाटील म्हणजे नुसता पांढरा ठिपका. माझे डोळे कळसावर. तो वाकडा येता कामा नये! मी मान वर करीपर्यंत पाटील खांबासारखे ताठ. मग काळजी कसली?

असे पाच फोटो झाले. आता भारदस्तपणा हवा. मी गुडघे टेकले.

"आरं देवा! काहून एवढं, मास्तर?"

"तुमच्यासाठीच, पाटील! हलू नका."

शेवटी तर पालथाच पडलो. कळशीवरची सगळी विद्या पणाला लावली.

"हे लई झालं हां!" पाटील कळवळून ओरडले.

खट्. फिल्म संपली.

आता माझी हुशारी बघा. वेळ वाचावा म्हणून हैदराबादच्या दुकानदाराला कळवलं, फोटो धुऊन थेट सखूच्या पत्त्यावर धाडा. आधी आपण बघावेत? छे! पुस्तिका पाठ होती ना!

पौष लागला आणि एका सकाळी पाटलांच्या दारात बैलगाडी उभी राहिली. मला बोलावणं आलं. मी, काय सांगू, शाबासकी घ्यायला धुतलेली टोपी घालून गेलो!

ओट्यावर सखू बसलेली. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात पदर. बापाकडं बघत होती आणि रडत होती.

"बापू, तुमी तर धडधाकट हाईत!"

"मंग? फोटू पाह्यला न्हाई का?"

"पाह्यला म्हनूनच आले ना! सगळ्यांत कमरंतून वाकलेले. एकात तर हात जोडून निरोपच घेऊन राहिले!"

मी फोटो ओढून घेतले. पागोटं. पागोटं. पुन्हा पागोटं. शेवटच्यात पाटलांचं कपाळ जमिनीला टेकलेलं.

"पाटील, अहो, तुम्ही वाकलात कशाला?"

"घ्या! मास्तरासारका मानूस दरवेळी माज्याम्होरं मान वाकवून राहिला. मंग गुडघे टेकले. मंग सपशेल लोटांगण! आन मी ताठ हुबा राहू व्हय? आमाला काय रीतभात न्हाई?"

सखू चार दिवसांनी तिथंच बाळंत झाली. मुलगी, दोघी सुखरूप. आठही फोटोंत लिंब कडेला आहे आणि कळस सरळ आला आहे.