देवाची मूठ

रविवार उजाडला की माझं डोकं फिरायचं. लढाईचे दिवस होते. बेलापूरपासून आत एका खेड्यात आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि खेड्यात मास्तर म्हणजे उपदेशकही तोच. आठवडाभर जिथं पाढे चालायचे त्याच खोलीत रविवारी उपासना. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, आणि पोरं सगळी बायकांच्या अंगावर. हे पुढं टेबलापाशी शांतपणे डोळे मिटून उभे, आणि तिन्ही पोरं माझ्याकडे.

थोरला पुढच्या बाईच्या पदराला गाठी मारायचा. मधली मोठ्यानं विचारायची, हे संपणार कधी. धाकटी तर प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचा शब्द आला की भाकर मागायची, अगदी हमखास. मग तिला काखोटीला मारून मी बाहेर. बोर्डिंगात असताना ती प्रार्थना मी रोज म्हटली होती; पोरं झाल्यापासून आमेनपर्यंत एकदाही पोचले नव्हते. आणि वर, घरी आल्यावर हे विचारायचे, "आजचा उपदेश कसा वाटला?" मला तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठून जावंसं वाटायचं.

मंडळीत एक वयस्कर पंच होते, सगळे त्यांना मामा म्हणत. पोरांचा लई कालवा होतो, त्यांना उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसवावं, असं त्यांनी काढलं. पुढच्या फेरीला पाद्रीसाहेब आले की त्यांच्याकडून ते पक्कं करून घ्यायचं ठरलं. पोरांपाशी कोण बसणार, हे कुणी बोललं नाही. बोलायचं काय त्यात, मास्तरीणबाई होत्याच की.

मी मनाशी ठरवलं, पोरं आतच बसतील आणि मीही. नुसतं गप्प बस म्हणून पोर गप्प बसत नसतं, त्याच्या हाताला काम लागतं. आमच्याकडे रीत होती, दळायला बसण्याआधी बाजरीतून एक मूठ काढून देवाच्या गाडग्यात टाकायची, आणि रविवारी ते गाडगं उपासनेत नेऊन टेबलापुढच्या पाटीत ओतायचं. हे काम मी पोरांना द्यायचं ठरवलं. माझी तिघं आणि शेजारपाजारची चार टाळकी जात्याभोवती बसवून रोज पहाटे घोकून घेतलं: आधी देवाची मूठ काढा, मग दळण. मूठ कुणी काढायची यावरून रोज रडारड. दळायला दुप्पट वेळ लागायला लागला, पण पोरं शिकली.

पाद्रीसाहेब सायकलीवरून आले. डोक्यावरची उन्हासाठीची खोलगट सोला टोपी त्यांनी टेबलाशेजारच्या स्टुलावर उलटी ठेवली. बायकांनी आपापली गाडगी पाटीत ओतली की मागोमाग पोरांनी जाऊन आपल्या मुठीतली बाजरी टाकायची, असं मी शिकवलं होतं. पण आधीचं गीत लांबलचक निघालं आणि ते संपेपर्यंत पोरांच्या मुठीतली बाजरी केव्हाच खाली सांडून गेली. रिकाम्या हातांनी पोरं पाटीपुढं जाऊन उभी राहिली. मी तोंडावर पदर धरला.

समोर भरलेली पाटी. मधलीनं घरी रोज करायची तेच केलं, पाटीतून एक मूठ काढली. मग देवाचं गाडगं शोधायला इकडंतिकडं पाहिलं. तिला पाद्रीसाहेबांची टोपी दिसली. तिनं मूठ टोपीत टाकली आणि ते बघून बाकीची पोरंही ओळीनं कामाला लागली. हे नुसतं "अगं, अगं" करत राहिले. तेवढ्यात टोपी भरत आली.

मामा उठले. "बघा साहेब, ह्येच म्हनत हुतो मी. द्येवाचं धान काढाया लागली पोरं. बसवा त्यास्नी भाईर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत बाईमाणूस गाण्यापुरतंच तोंड उघडायचं. मी उभी राहिले.

"बसवा, मामा. पण मी त्यांच्यापाशी बसणार नाही. आजवर आत बसूनही मी बाहेरच आहे."

"मग कोन बसनार?"

"ज्यांची पोरं आहेत ते बसतील. तुमचे दोन नातूही आहेत त्यात."

मामा खाली बसले. पाद्रीसाहेब टोपीकडे बघत राहिले. मग हे टेबलामागून निघाले आणि सरळ बायकांच्या बाजूला आले. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत मला बोलणार. ते वाकले, एव्हाना माझ्यापाशी परत आलेल्या धाकटीला उचलून परत जागेवर गेले आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

मामांचा धाकटा नातू आपणहून जाऊन त्यांच्या मांडीवर बसला. मामांनी त्याला उठवलं नाही.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली. भाकरीचा शब्द आला आणि धाकटीनं बापाच्या कानाशी खणखणीत आवाजात भाकर मागितली. हे थांबले. माझ्याकडे बघत असणार, मला ठाऊक होतं. मी डोळे उघडले नाहीत. पुढची ओळ मीच मोठ्यानं सुरू केली, आणि आमेनपर्यंत गेले.