कंदील कुठं गेला?

पाच आठवडे होऊन गेले. लातूरच्या घरी सकाळी दाढी करत होतो आणि नांदेडहून सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. मिलिंदचा आजार माहीत होता, चार दिवसांपूर्वीच त्याला भेटून आलो होतो... तरी फोन ठेवल्यावर गालावरचा साबण वाळेपर्यंत मी तसाच बसून राहिलो.

आमची मैत्री अहमदपूरची, अकरावीच्या बाकावरची. त्याचे वडील किसनकाका गावातल्या टॉकीजमध्ये मशीन चालवत, म्हणून आम्हाला बाल्कनीच्या पायरीवर बसून फुकट सिनेमा बघायला मिळे. एका रविवारी बाराच्या मॅटिनीला एकाच खेळापुरता एक जुना काळापांढरा रहस्यपट लागला. त्या दिवशी मिलिंद बरोबर नव्हता. त्याची आई लातूरला दवाखान्यात होती आणि तो तिच्या उशाशी. मी एकट्यानंच सिनेमा बघितला. वकिलाची बायको हातात कंदील घेऊन जिना चढते, वरचं बंद दार आतून उघडतं... आणि एकदम कोर्ट! बाईच्या हाताला पट्टी, म्हातारा नोकर मेलेला. त्याला कुणी मारलं, हात कशानं भाजला, कंदील कुठं गेला, याबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. त्याच संध्याकाळी मिलिंदची आई गेली.

पुढं मी शाळेत मास्तर झालो, तो नांदेडला सरकारी कचेरीत लागला. भेटलो की कधी ना कधी त्या सिनेमाचा विषय मी काढायचोच. असला अर्धवट सिनेमा जन्मात बघितला नाही, असं माझं ठाम मत. न बघितलेल्या त्या सिनेमाची बाजू मिलिंद मात्र हिरिरीनं घ्यायचा. नोकरानं विष घेतलं असेल, बाई त्याची लेक असेल, सगळंच दाखवायला पाहिजे असं थोडंच आहे... दर भेटीत नवा खुलासा. मला त्याची गंमत वाटायची.

एकदा त्याच्या घरी जेवणं झाल्यावर, म्हातारे किसनकाका समोर बसलेले असताना, मी हसत हसत त्यांना विचारलं, त्या दिवशी मशीनवर डुलकी लागली होती का म्हणून. काका उठून आत गेले. मला सोडायला फाटकापर्यंत आलेला मिलिंद म्हणाला, "त्यांच्यासमोर त्या सिनेमाचा विषय काढत जाऊ नको." बायको गेली तो दिवस त्यांना आठवत असेल, असं मी समजलो. काका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

यंदा अचानक तो सिनेमा मोबाईलवर सापडला, अख्खा. शेवटच्या भेटीला मी तो घेऊनच गेलो. मिलिंद उशीला टेकून बसला होता, मनगटं काडीसारखी झालेली. मी उत्साहानं सांगून टाकलं, की सगळं कळलं. कंदील पडतो, पडदे पेटतात, नोकर बाईला बाहेर ढकलतो आणि स्वतः आत राहतो.

 तो म्हणाला, "ते रीळ बाबांनी चढवलंच न्हाई."

पुढचं त्यानं थांबत थांबत, दम घेत सांगितलं. खेळ चालू असताना बायकोचं जास्त झाल्याचा निरोप काकांना आला होता. मशीन चालवायला दुसरं कुणी नाही, खेळ बंद पाडला तर नोकरी जाणार. अडीचची लातूरची गाडी चुकली असती तर पुढची थेट पाचला. ते रीळ दहा मिनिटांचं होतं...

"बाबा आले तवा आई बोलत व्हती. 'जेवलाव का?' म्हणली त्यांना. थोड्या येळानं तिची शुद्ध गेली." आणि मग, "पण बाबांना मरेपर्यंत लागून राहिलं. म्हणायचे, लोकांनी तिकीट काढलं व्हतं."

काकांना मी काय बोललो होतो ते आठवून मला मान वर करवेना. तुला काय माहीत होतं, असं तोच मला समजावू लागला. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, "आन् दार आतून कुणी उघडलं?"

ते पूर्ण सिनेमातही कुठं सांगितलेलं नाही, असं मी म्हणालो.

तो हसला. "मंग ऱ्हाऊ दे. ते बाबांवर न्हाई."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

गेल्या आठवड्यात मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नांदेडला गेलो होतो. माझी परतीची गाडी चारची. तीन वाजायच्या आतच वहिनींनी माझी पिशवी आणून पुढं ठेवली. "निघा भाऊजी. हे असते तर आतापर्यंत तुम्हाला स्टँडवर नेऊन बसवलं असतं." खरंच होतं. मिलिंद कुठल्याही गाडीसाठी तासभर आधी स्टँडवर असायचा, मलाही तसाच न्यायचा, रुमाल टाकून जागा धरायचा आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहायचा. एवढी घाई कशाची, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मी तासभर आधी पोचलो. गाडी लागली, खिडकीजवळची जागा मिळाली. सुटेपर्यंत मी बाहेरच बघत होतो. खाली कुणी उभं नव्हतं.